एक जूनची नोंद

आमच्या शाळेतली निम्मी मुलं एक जूनला जन्मली होती. हसू नका. तुमच्या गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडून बघा, तिथेही हेच सापडेल. बाळंतपणं घरी व्हायची, ग्रामपंचायतीत नोंद कोण करणार? नाव घालायला आलेली आई सांगायची, "भातकापनीला झाला," नाहीतर "याच्या आज्याच्या बाराव्याच्या आदल्या दिवशी." मग आम्ही मास्तर-बाई लोक बोटांवर काहीतरी मोजायचो आणि लिहायचो, एक जून. शाळा जूनला सुरू होते, म्हणजे मूल बरोबर सहा वर्षांचं भरतं. यात कुणाचं काय बिघडतं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शाळा नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, मिठागरांच्या एका गावात. खोल्या दोन, शिक्षक दोन: मुख्याध्यापक गुरुजी आणि मी. राहायला आम्ही वसईच्या माणिकपुरात. माहेर-सासर दोन्ही कोकणातलं, नवऱ्याची नोकरी मुंबईत, कर्ज काढून घेतलेला फ्लॅट आणि पदरात दोन लहान मुली. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते या फ्लॅटसाठी आणि या मुलींसाठी केलं असं मी स्वतःला फार वेळा सांगितलंय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी शाळेचा पट घसरला. गावातली काही घरं तुळिंजकडच्या चाळींत राहायला गेली, काहींनी मुलं इंग्रजी शाळेत घातली. पट ठरलेल्या आकड्याखाली गेला की दोनातला एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. अतिरिक्त म्हणजे बदली, आणि बदली जिथे जागा रिकामी तिथे. तेव्हा सगळा ठाणे जिल्हा एकच, रिकाम्या जागा म्हणजे मोखाडा आणि जव्हार. गुरुजी मला सीनियर. म्हणजे जाणार कोण? मी! गुरुजी एवढंच म्हणाले, "बाई, चार मुलं कमी पडतायत. बघा कुठं मिळतात का."

मग मी घरोघर हिंडले. तीन मिळाली. चौथं मिळेना. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई आपणहून आली, कडेवर मुलगा घेऊन. मिठागरावर कामाला जाणारी, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. म्हणाली, "बाई, याला नुसता बसू द्या वर्गात. मी नि याचा बापूस मिठावर जातो, घरी बघाया कोन नाय. पानी पाजलंत तरी पुष्कल झालं."

"नुसता कशाला? नावच घालू की."

"लहान हाय ना पन. पौषात झाला. या पौषात पाच भरतील."

म्हणजे साडेचार. मला सगळं स्वच्छ कळलं होतं, अंधारात काही नव्हतं. मी म्हटलं, "तू काळजी करू नको, मी लिहिते बरोबर." आणि लिहिलं. एक जून, आणि वर्ष दीड वर्षानं मागचं. तिने अंगठा उठवला. पोरगं तेवढ्यात माझ्या टेबलावरचा खडू चघळत होतं. पट भरला, मी माणिकपुरातच राहिले, आणि त्या रात्री घरी शिरा केला. 

तो मुलगा माझ्याच वर्गात. सहा-सात वर्षांच्या धटिंगणांत हे साडेचार वर्षांचं पोर! पेन्सिल धरता येईना, अक्षर रेघेवर बसेना. दुपारी झोपायचा. आणि मी काय करायची? "ढ आहेस अगदी, डोक्यात नुसतं मीठ भरलंय," असं म्हणायची. पट्टीही मारली आहे, खोटं कशाला बोलू? त्याच्या वयाचं खरं काय ते त्या वर्गात एका माणसाला ठाऊक होतं, आणि तेच माणूस त्याला पट्टी मारत होतं. ढ, ढ म्हणत चौथीपर्यंत ढकलला. पुढे हायस्कुलातही तो मागेच पडत गेला, दोन यत्तांत नापास झाला.

तो नववीत असताना त्याचा बाप कावीळ होऊन गेला. त्या वर्षी पोराची शाळा बुडाली. आईच्या पायांना मिठागरातल्या खाऱ्या पाण्याने जखमा झाल्या होत्या त्या भरेनात, म्हणून तिने मीठ सोडलं आणि तुळिंजच्या बाजारात पालेभाजी घेऊन बसायला लागली. जमीन नाही, दीर-जाऊ विचारत नाहीत. मधल्या काळात माझ्या तालुक्यातच दोन बदल्या झाल्या होत्या आणि मी फिरून याच शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आले होते. मीच तिला म्हटलं, "अगं, सरकारची निराधारांची योजना आहे. विधवांना महिन्याला पैसे मिळतात. तू बसतेस त्यात."

ती म्हणाली, "आपल्याला कोन देतंय?"

अर्ज मीच भरला. एवढी मोठी शिकलेली बाई बरोबर आहे म्हटल्यावर काम झटकन होईल असा माझा समज. कपाळ माझं! तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. तलाठी आठवड्यातून एकदा बसायचा आणि त्या दिवशीही बसेलच असं नाही. तहसील कचेरीत निराधारांचं टेबल एका कोपऱ्यात, पुढे बायकांची रांग, आणि बसायला बाक नाही. आंधळ्या, लुळ्या, ऐंशीच्या म्हाताऱ्या, सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. निराधार असल्याचं सिद्ध करायला आधार लागतो, तो कुणाकडे असतो? दारात एक दलाल असायचा. म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे द्या, पंधरा दिवसांत करतो." मी तोऱ्यात म्हटलं, "आम्ही सरळ मार्गाने करू." सरळ मार्गाने आठ महिने लागले.

अर्जाला मुलाच्या वयाचा शाळेचा दाखला लागतो. नियम असा की मुलगा एकवीस वर्षांचा झाला की आईचे पैसे बंद, कारण मग तो तिला पोसणार. तो दाखला मी माझ्या शाळेच्या रजिस्टरवरून, माझ्या सहीने, माझ्या शिक्क्याने दिला. एक जून. लिहिताना हात अडला नाही. एकवीस अजून लांब होतं.

पैसे मनिऑर्डरने यायला लागले. पोस्टमन चहाला म्हणून त्यातून काही काढून घ्यायचा, तरी ती खूश. रक्कम सांगितली तर तुम्ही हसाल, त्यात माणिकपुरात एका वेळचं हॉटेलातलं जेवण झालं नसतं. पण भाजीच्या पैशावर घर चालायचं आणि हे पैसे ती मुलाचे म्हणून वेगळे ठेवायची. मुलगा दोनदा बसून दहावी झाला आणि आयटीआयला लागला, वायरमनच्या कोर्सला. दोन वर्षांचा कोर्स. त्याचा पास, वह्या, निळा गणवेश, पक्कड-टेस्टर, सगळं त्या मनिऑर्डरीवर. आणि काय सांगू, तिथे तो चमकला! आमच्या शाळेतलं बिघडलेलं मीटरचं बोर्ड त्याने तासाभरात नीट केलं, वर मलाच समजावून सांगितलं कुठली वायर कुठे जाते. ज्याला मी ढ म्हणत होते तो. आई म्हणायची, "बाई, एक साल राह्यला. मग तो सरकारी लायनीवर लागतो का नाय बघा."

आणि मनिऑर्डर थांबली.

जून गेला, जुलै गेला, पोस्टमन दारावरून सरळ पुढे. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ती एकटीच तहसीलला जाऊन आली आणि तशीच माझ्या घरी माणिकपूरला. घामाने निथळलेली. चप्पल बाहेर काढून दारातच उभी राहिली.

"बाई, त्यांनी पैसं बंद केलं. बोलतात, पोर एकवीसचा झाला, आता तोच पोसल. अवो, माझा पोर एकोनीसचा! आईला ठाव नाय नि त्या मेल्याला ठाव हाय? मी तिथं भांडून आले. त्यांच्या कागदात कायतरी चुकलंय. तुमी चला, तुमचं ऐकतील."

तिला वाटत होतं चूक कचेरीची आहे. माझ्यावर तिळाएवढाही संशय नाही. मी तिला पाणी दिलं आणि आत जाऊन उगाचच कपाटातले कपडे नीट करत बसले.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी ठरवलं होतं, निस्तरायचं. केलंय आपण, निस्तरू आपण. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून कचेरीत गेले. निराधारांच्या टेबलावर तिशीतला एक कारकून होता. शिव्या देण्यासारखा नव्हता तो, तेवढं सुखही मला मिळालं नाही. त्याने फाइल काढली, दाखला माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, ही सही तुमचीच ना?"

"हो. पण जन्मतारीख चुकीची आहे. मुलगा दीड वर्षाने लहान आहे."

"मग दुरुस्ती करा ना. डॉक्टरचा वयाचा दाखला वगैरे चालणार नाही, शाळेची नोंद असताना आम्ही तो घेत नाही. नोंद ज्यांनी केली त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा. मूळ नोंद का चुकली, चुकून की माहीत असताना, ते स्पष्ट लिहायचं. शिक्षण खात्याकडून ते आलं की मी लगेच चालू करतो. मलाही त्या बाईंचं बंद करून काय मिळणार आहे?"

कचेरीच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाकडून मी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं. 'मुलाचे खरे वय आईने सांगितलेले असताना मी पटसंख्येसाठी वाढीव वय नोंदवले.' टायपिस्टने मान वर करून बघितलं. म्हणाला, "बाई, असंच लिहू?" मी म्हटलं, "असंच लिहा." सही राहिली होती. म्हटलं, आधी खात्यात विचारून घ्यावं, उगाच वेड्यासारखं नको.

तिथेच माती खाल्ली. ज्याला सत्य सांगायचं असतं तो विचारत हिंडत नाही.

आमचे विस्तार अधिकारी ओळखीचे, सज्जन माणूस. त्यांनी कागद वाचला, दार लोटून घेतलं. "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? सरकारी रजिस्टरात जाणूनबुजून खोटी नोंद केली असं स्टँपपेपरवर लिहून देताय? हा कागद आत आला की मला चौकशी लावावीच लागेल. आणि तुम्ही असं लिहून दिलंत म्हणून त्या वर्षीचा सगळा पट तपासतील. रिटायर व्हायला किती राहिले तुमचे?"

"दहा महिने."

"चौकशी चालू असताना पेन्शन मंजूर होत नाही. ग्रॅच्युइटी अडकते. सहा वर्षं चालली तर सहा वर्षं. हात दाखवून अवलक्षण कशाला? त्या बाईला काहीतरी मदत करा आणि विषय सोडा."

धाकटीचं लग्न ठरत होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती. घर माझ्या पगारावर आणि पुढे माझ्या पेन्शनवर. हे सगळं खरं होतं, यातलं एकही मी रचून सांगत नाही. पण तिचंही सगळं खरंच होतं. तिचे पैसे की माझे पैसे, एवढाच तो प्रश्न होता, आणि मी तो कागद पर्समध्ये घडी करून ठेवला. घरी येऊन फाडला. तुकडे भाजीच्या देठांखाली दडपून टाकले, नवऱ्यालाही कळू दिलं नाही.

तिला म्हटलं, "खूप प्रयत्न केला गं. नियमात बसत नाही म्हणतात."

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुमी एवडी धावाधाव केलीत, ते काय कमी हाय? सरकारच आंधलं, तुमी काय करनार?" आणि पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढून माझ्या ओट्यावर ठेवल्या.

तुम्ही विचाराल, एवढं लागत होतं तर स्वतःच्या खिशातून का नाही दिलेस? दिले. दोन महिने तेवढीच रक्कम पाकिटात घालून दिली. तिने घेतली, पण प्रत्येक वेळी भाजी आणून टाकली, फुकटचं तिला नको होतं. तिसऱ्या महिन्यात दिवाळी आली, धाकटीच्या सासरचे बघायला येणार म्हणून घराला रंग काढला, आणि मी म्हटलं, तिने मागितलं की देऊ. तिने मागितलं नाही. मला ठाऊक होतं ती मागणार नाही. चौथ्या महिन्यात मीही तो विषय काढला नाही. दोन महिन्यांचं दान करून मी माझ्या मनाची पावती फाडून घेतली, बस.

पोराने नाताळच्या सुमारास आयटीआय सोडली. वसई पूर्वेला छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये प्लॅस्टिकचे डबे पॅक करायच्या कामाला लागला. सहाच-सात महिने राहिले होते हो! मी त्याला रस्त्यात गाठून म्हटलं, "अरे, कसंतरी ओढ ना." तो हसून म्हणाला, "बाई, सरकार बोलतं मी एकवीसचा. मग कमवायला नको?"

मे महिन्यात मी रिटायर झाले. शाळेने नारळ दिला, शाल दिली, सरपंच बोलले की बाईंनी गावाची एक पिढी घडवली. माझं पेन्शनचं प्रकरण विनातक्रार मंजूर झालं. माझ्याकडे कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, माझी मुलगी किती वर्षांची, ती मला पोसेल का, हे कुणी विचारलं नाही. वर्षातून एकदा बँकेत जायचं, हयात आहे अशी सही करायची. तिथला माणूस उठून खुर्ची देतो. तेच सरकार, आणि तोच खजिना असेल बहुतेक. मी चाळीसेक वर्षं पगार घेतलेली, मला खुर्ची. आणि ती उन्हात मीठ ओढत राहिली, तर तिला भिंत. मी याची चीड येऊन कुणाशीतरी भांडायला बघते आणि भांडायला समोर मीच असते.

रिटायर होऊन तीन वर्षं झाल्यावर एका दुपारी मी तिच्या घरी गेले. धाकटीचं लग्न झालं होतं, फ्लॅटचं कर्ज फिटलं होतं, आता कुणी माझं काही वाकडं करू शकत नव्हतं. ती ओसरीवर बसून लाल माठाच्या जुड्या बांधत होती. "या बाई," म्हणून तिने पाट सरकवला. मी पाणी घ्यायच्या आधीच बोलायला लागले. पट, बदली, साडेचार वर्षं, रजिस्टर, कचेरीतला कारकून, फाडलेला कागद. सगळं. एका दमात, मध्ये थांबले असते तर उठून पळाले असते.

ती जुड्या बांधतच राहिली. तीन बांधल्या असतील.

"मना वाटलं, सरकारनं चूक केली," ती म्हणाली. "त्या टेबलावरच्या मानसाला मी केवड्या शिव्या घातल्या. घरी बसून रोज घातल्या. त्याच्या पोराबालांना घातल्या." मग सुतळी दाताने तोडून तिने माझ्याकडे बघितलं. "बाई, आता का सांगताय? तुमचं पेन्शन चालू झालं म्हनून?"

मी म्हटलं, "हो."

दुसरं काय म्हणणार होते? पस्तावा झाला, झोप येत नाही, असलं काहीबाही बोलायचं तोंडाशी आलं होतं. पण तिने विचारलं ते खरं होतं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "तुमचा जीव हलका झाला. माझा पोर अजून डबेच भरतो."

तेवढ्यात तोच आला, पहिली पाळी संपवून. अंगावर कारखान्याची बंडी, केसांत प्लॅस्टिकची पांढरी पूड. मला बघून चेहरा फुलला त्याचा. "अरे, बाई! कधी आल्या?" म्हणत डबा खाली ठेवला आणि पाया पडायला वाकला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

तो अर्धा वाकलेला तसाच थांबला. आधी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"पाया नको पडूस. हात धू नि जेवून घे."

आवाज चढलेला नव्हता, रोज जेवायला हाक मारते तसाच होता. तो सरळ झाला, गोंधळून हसला आणि आत गेला. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. ती पुढची जुडी बांधायला लागली. मी उठले, ओसरीच्या पायरीवर चपला घातल्या. जाताना म्हणायचं म्हणून "येते गं," म्हटलं. "या" असं कुणी म्हटलं नाही.